मन सांभाळा म्हणता, पण बियाण्याचं काय?

आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सध्या एकच वाद रंगलाय. पुण्यात नोकरी करणारा भाचा सकाळी उठून रोमन सम्राट मार्कस ऑरेलियसचं एखादं वचन टाकतो. लगेच जळगावहून नानांचं उत्तर येतं, ‘हे तं आपल्या गीतेत आधीच सांगेल आहे.’ मग कोणी बुद्धाला मध्ये आणतं, तर कोणी ग्रीकांनी सगळं आपल्याकडूनच नेलं म्हणतं. मी व्हिएन्नात राहतो म्हणून दोन्ही बाजू मलाच निवाडा मागतात. मला मात्र वाटतं, भांडण भलत्याच प्रश्नावर चाललंय.

विचारांची देवाणघेवाण झालीच होती. पिर्‍हो हा ग्रीक संशयवादी तत्त्वज्ञ सिकंदराच्या स्वारीबरोबर भारतात आला आणि इथल्या नग्न साधूंना भेटला, असं ग्रीक चरित्रकार लिहून गेलाय. अशोकाचा ग्रीक भाषेतला लेख कंदाहारला सापडला. आपल्याजवळच नाशिकच्या पांडवलेण्यांत इंद्राग्निदत्त नावाच्या योनकाने म्हणजे ग्रीकाने लेणं खोदवून दिल्याचा शिलालेख आहे. पण कोण आधी, हे ठरलं तरी कोणाचं जगणं सुधारणार आहे?

खरं तर दोन्हीकडचं एकत्र वाचणं खानदेशाला कोणी शिकवायची गरज नाही. 1916 साली अमळनेरला तत्त्वज्ञान मंदिर उभं राहिलं, ते गिरणीमालक प्रताप शेठजींच्या पैशातून. कापसाच्या नफ्यातून तत्त्वज्ञानाची संस्था! कृष्णचंद्र भट्टाचार्यांसारखा विचारवंत तिथे राहून गेला. साने गुरुजी अमळनेरला आले तेही आधी याच संस्थेत अभ्यासासाठी, शाळेतली नोकरी नंतरची. शंकराचार्य आणि जर्मन तत्त्वज्ञ कांट तिथे शेजारी शेजारी बसवून वाचले जात होते. शंभर वर्षांपूर्वी बोरीकाठच्या एका तालुक्याच्या गावात हे चालत होतं, आणि आज आपण कोण आधी यावर अडलोय, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

भाच्याच्या मार्कसबद्दल सांगतो. व्हिएन्नाच्या पूर्वेला चाळीसेक किलोमीटरवर कार्नुंटुमचे अवशेष आहेत. डॅन्यूबकाठची ही रोमन छावणी. मार्कसच्या टिपणांत या जागेचं नाव येतं. सीमेवर लढाई, साम्राज्यात साथ, आणि हा सम्राट ग्रीक भाषेत स्वतःलाच बजावतोय: आज कृतघ्न, उद्धट माणसं भेटतील, पण हातपाय जसे एकमेकांसाठी तशी माणसंही एकमेकांसाठीच आहेत. हे तो दुसर्‍याला गप्प करायला लिहीत नव्हता, आपलं काम टळू नये म्हणून लिहीत होता. त्याच्याच स्टोइक पंथाचा एपिक्टेटस तर गुलाम म्हणून जन्मलेला. आपल्या हातात काय आणि काय नाही, ही त्याची विभागणी ज्याच्या हातात खरोखरच काही नव्हतं त्याने केलेली आहे. तिच्याबद्दल मला आदर आहे.

पण इकडे ती विभागणी कोणाच्या तोंडून ऐकू येते? मी आधी होतो त्या कंपनीत माणसं कमी करायची ठरली, त्याच आठवड्यात आम्हाला स्टोइक विचारांवरचं व्याख्यान ठेवलं होतं. जे आपल्या हातात नाही ते सोडून द्या, असा त्याचा सूर. आणि 2017 साली गुलाबी बोंडअळीने कपाशी खाल्ली, तेव्हा गावाकडे वडिलांना काय ऐकावं लागलं? ‘प्रारब्ध आहे, आपण कर्म करायचं, फळ त्याच्या हाती.’ एक ग्रीक, एक आपलं, पण काम दोघांनी एकच केलं. ज्याचं नुकसान झालं त्यालाच मन आवरायला सांगितलं.

फरक पडला तो दुसर्‍याच गोष्टीने. नोकरी गेल्यावर मला इथे बेकारी भत्ता मिळाला. भाडं भागलं, आरोग्य विमा चालू राहिला, म्हणून तो उपदेश मला पचवता आला. वडिलांच्या डोक्यावर कृषी केंद्राची उधारी होती. नाना, गीता मला आणि वडिलांना दोघांनाही ठाऊक होती. ती वडिलांची जास्त पाठ होती.

ग्रीक तत्त्वज्ञ ॲरिस्टॉटल याबाबत अगदी स्पष्ट आहे. सद्गुण हवाच, पण साधनांशिवाय, मित्रांशिवाय चांगलं जगणं पुरं होत नाही. छळ सोसणारा माणूसही सज्जन असला की सुखी, असं म्हणणार्‍यांचं बोलणं तो निरर्थक ठरवतो. आणि बुद्धाकडे पाहा. तृष्णा दुःखाचं मूळ म्हणणारा हाच बुद्ध कूटदंत सुत्त या पाली उपदेशात एका राजाची गोष्ट सांगतो. राज्यात लुटालूट माजली होती. पुरोहित सल्ला देतो: शिक्षेने हे थांबणार नाही, शेती करणार्‍याला बियाणं आणि चारा दे, व्यापार्‍याला भांडवल दे, चाकरी करणार्‍याला वेतन दे. नाना, हे वचन ग्रुपवर एकदा तरी टाका.

म्हणजे रेघ पूर्व आणि पश्चिम यांच्यामध्ये नाहीच. ती दोन्हींच्या आतून जाते. एकीकडे मनापुरतं थांबणारे, दुसरीकडे मनाबरोबर माणसाची परिस्थिती आणि सोबतही पाहणारे. सोबतीचं म्हणाल तर आपल्या मुक्ताईसारखं उदाहरण नाही. लोकांनी दुखावलेला ज्ञानदेव ताटी लावून बसला, तर ती दारात उभी राहून त्याला समजावते: जग आग झालं तर संताने पाणी व्हावं. राग आवरायला मार्कसही सांगतो, पण तो एकटा, स्वतःलाच. इथे बहीण दाराशी येते.

याच बाबतीत व्हिएन्ना मला कमी पडते. भत्ता येतो, दाराशी कोणी येत नाही. त्या बोंडअळीच्या वर्षी वडिलांच्या ओट्यावर रोज संध्याकाळी माणसं बसायची. उधारी त्याने फिटली नाही, पण ते एकटे पडले नाहीत.

भाच्याला मी मार्कस सोडायला सांगणार नाही, नानांनाही गीता नाही. माझं दोघांना एवढंच विचारणं आहे: पुढच्या वर्षी कपाशी गेली, तर त्या सकाळी ग्रुपवर वचन टाकणार, की आधी कोणाचं बियाणं अडलंय ते विचारणार?