म्युनिकच्या प्रदर्शनात आईचा तंबोरा

म्युनिकचं ‘हाय एंड’ संपलं. यंदाचं, म्हणजे २०२५चं, तर संपलंच, पण म्युनिकमधलंही संपलं. २००४ साली फ्रँकफर्टकडून इथं आलेलं हे प्रदर्शन करोनाची दोन वर्षं सोडली तर दरवर्षी, बहुतेक मे महिन्यात, इथंच भरत आलं. २०२६ पासून ते व्हिएन्नाला जाणार. १५ ते १८ मे या चार दिवसांपैकी शनिवार-रविवार मी दार उघडल्यापासून बंद होईपर्यंत तिथं होतो. आठवडा झाला तरी मनातून जात नाही, म्हणून सविस्तर लिहितोय.

ज्यांना कल्पना नाही त्यांच्यासाठी: घरात बसून गाणं ऐकायची जी उंची यंत्रं जगात बनतात, ती या चार दिवसांत एका छताखाली ऐकायला मिळतात. स्पीकर, अँप्लिफायर, टर्नटेबल, केबल, सगळं. शहराच्या उत्तरेला कीफर्नगार्टन स्टेशनजवळ एमओसी नावाचं संकुल आहे. ते मुळात व्यापाऱ्यांनी कपड्यांचे नमुने बघावेत आणि ऑर्डरी द्याव्यात यासाठी बांधलेलं. त्यामुळे खोल्याखोल्यांना काचेच्या भिंती. कपडा बघायला काच छान, पण आवाजाची ती वैरीण. प्रत्येक कंपनी पडदे आणि फोमचे तक्के लावून ती काच झाकायची धडपड करते आणि तरीही शेजारच्या खोलीतला ढोल आपल्या खोलीत येतोच.

मी २०१५ पासून जातोय. ऑग्सबुर्गहून सकाळची गाडी पकडायची, डबा बरोबर घ्यायचा. मला हे प्रदर्शन मनापासून आवडतं, हे आधीच सांगतो, कारण पुढे तक्रार येणार आहे.

काय काय ऐकलं इथं! बर्लिनच्या एमबीएलचा तो गोल स्पीकर. पातळ पट्ट्या उभ्या वाकवून एकमेकींना जोडलेल्या, दिसायला अगदी भोपळ्यासारखा. तो चारी दिशांना सारखा आवाज फेकतो, त्यामुळे खोलीत कुठंही बसा, वाद्य आपल्या जागी राहतं. आणि कर्णे. माणसाच्या उंचीचे कर्णे. कोरियाची सिल्बटोन ही कंपनी कितीतरी वर्षं वेस्टर्न इलेक्ट्रिकचे जुने थिएटरचे कर्णे म्युनिकला आणून वाजवायची. १९२६ साली, बोलपट नुकते येऊ घातले होते तेव्हा, वेस्टर्न इलेक्ट्रिकनं ५५५ नावाचं युनिट, म्हणजे स्पीकरमधला प्रत्यक्ष आवाज काढणारा भाग, काढलं. त्याला मोठा कर्णा जोडला की मोजक्या वॉटवर अख्खं थिएटर भरायचं. आजच्या साध्या स्पीकरला तेवढ्याच आवाजासाठी पन्नासपट ताकद लागते. म्हणून तर ३००-बी या जुन्या व्हॉल्व्हचा, जेमतेम आठ वॉटचा अँप्लिफायर अजून लोक जिवापाड जपतात. त्या कर्ण्यांसमोर पहिल्यांदा बसलो तेव्हा गाणारा माणूस खरंच समोर उभा आहे असं वाटून मी सावरून बसलो होतो. तो क्षण मी कधीच विसरणार नाही.

आता तक्रार.

दोन दिवसांत साठ-सत्तर खोल्या हिंडलो. जवळजवळ सगळीकडे एकाच जातीचं संगीत. एक बाई माइकच्या अगदी जवळ तोंड नेऊन संथ गातेय, मागे डबल बेस, मध्येच एखादी झांज. नाहीतर मोठे ढोल. नाहीतर एकटी गिटार. ही रेकॉर्डिंग मुद्दाम निवडलेली असतात. वाद्यं दोन-तीनच, त्यांच्यामध्ये भरपूर मोकळी जागा. असं रेकॉर्डिंग कुठल्याही स्पीकरवर बरंच लागतं. त्यावरून मला काय कळणार? त्या बाईंना मी समोर बसून कधी ऐकलेलं नाही. त्यांचा आवाज खरा कसा आहे हे मला ठाऊकच नाही, मग स्पीकर खरं बोलतोय की खोटं, हे मी कशावरून ठरवू?

कुठलीही सिस्टिम पारखायची असेल तर आपल्याला पाठ असलेला आवाज तिच्यावर ऐकला पाहिजे. दुसऱ्या कशानंही ती कळत नाही. माझं हे ठाम मत आहे आणि यंदा ते आणखी पक्कं झालं.

मला पाठ असलेला आवाज म्हणजे आईचा तंबोरा. आई मिरजेत गाणं शिकवते. तंबोराही मिरजेचाच, सतारमेकर गल्लीतला. मागच्या दिवाळीत घरी गेलो तेव्हा पहाटे साडेपाचला माजघरात छोटा रेकॉर्डर ठेवून मी तो टिपला. चार मिनिटं दहा सेकंद, नुसता तंबोरा. गाणं नाही. तिसऱ्या मिनिटाला आई बांगड्या मागे सारते आणि थोड्या वेळानं लांब जंक्शनवर गाडीचा भोंगा वाजतो. ते पेनड्राइव्हवर घेऊन मी म्युनिकला गेलो.

तंबोराच का, तर ऐकायला सोपा आणि वाजवून दाखवायला महाकठीण. तारा चारच, प-सा-सा-सा: पहिली पंचमाची, मधल्या दोन जोडाच्या, शेवटची खालच्या सा ची, म्हणजे खर्ज. गांधाराची तार त्याला नाही. तरी तंबोरा नीट सुरात मिळाला, जवारी (तारेची ती झणझण) उघडी असली, की खर्जातून आपोआप गांधार उमटतो. आपण त्याला स्वयंभू गांधार म्हणतो. आईचा सा पेटीवरच्या काळी चारचा. म्हणजे जोडाच्या तारा २०८ हर्ट्झच्या आसपास आणि खर्ज १०४ ला. त्याच्या पाचपट ५२० ला तो गांधार. सी. व्ही. रामन यांनी १९२१ साली या तंबोऱ्यावरच लिहिलं होतं. एरवीचा नियम असा की तार जिथं छेडाल, तिथं ज्या उपस्वराचा (मूळ स्वराबरोबर निघणाऱ्या वरच्या स्वराचा) स्थिर बिंदू असेल तो उपस्वर उमटत नाही. तंबोऱ्यात तोही उमटतो. तारा जिच्यावरून जातात त्या घोडीचा पसरट माथा आणि त्यावर तारेखाली सरकवलेला तो एवढासा दोरा, त्यांची ही करामत. तार घोडीला घासत कंप पावते आणि एकामागून एक उपस्वर उलगडत जातात. दोरा केसभर सरकला तरी सगळं बदलतं. लहानपणी आई दोरा सरकवत बसायची आणि मी बाजूला बसून ‘आता?’ ‘आता?’ विचारायचो. तो आवाज माझ्या कानात किती घट्ट बसलाय, हे आणखी कसं सांगू.

सतरा खोल्यांत विचारलं, ‘माझं रेकॉर्डिंग लावाल का?’ आठ जणांनी सरळ नाही म्हटलं. कार्यक्रम ठरलेला आहे, चारनंतर या, पेनड्राइव्ह चालत नाही, अशी कारणं. सात जणांनी लावलं, पण मिनिटाभरात काढलं.

त्यातल्याच एका मोठ्या खोलीत स्पीकर माझ्यापेक्षा उंच. एका बाजूला सहा-सहा युनिटं. जोडीची किंमत पुण्यातल्या टू-बीएचकेला मागे टाकेल. त्यावर आईचा तंबोरा लागला आणि मला कळेना की हे काय चाललंय. खर्ज जमिनीलगत, जोड छातीच्या उंचीवर, झणकार डोक्याच्या वर. तीन वाद्यं तीन ठिकाणी. शिवाय आवाज एवढा मोठा की तंबोरा भिंतीएवढा झालेला. बांगड्या मात्र स्वच्छ ऐकू आल्या, अगदी किती आहेत ते मोजता यावं इतक्या. गांधार नाही. मी म्हटलं, जरा कमी करा. त्यांनी किंचित कमी केला आणि मला समजावलं की याच पातळीवर सगळे बारकावे उघडतात. एक मिनिट दहा सेकंदांनी ढोल सुरू झाले. गाडीच्या भोंग्यापर्यंत आम्ही पोचलोच नाही.

असं का झालं असावं, तर माझा अंदाज असा. खर्ज एका युनिटातून, गांधार दुसऱ्यातून, वरचे उपस्वर तिसऱ्यातून. हे सगळे आवाज एकजीव व्हायला ऐकणाऱ्यानं पुरेसं लांब बसावं लागतं. त्या खोलीत आम्ही पहिल्या रांगेत तीन मीटरवर कोंबलेलो होतो आणि मागे काच होती. म्हणजे स्पीकर वाईट आहेत असं मी म्हणत नाही. मोठ्या घरात, नीट मांडले तर कदाचित तेही गातील. पण मग चार दिवस हजारो माणसं त्या खोलीत ऐकून गेली, ती नक्की काय ऐकून गेली?

रविवारी दुपारी तीनला, पाय दुखायला लागल्यावर, तळमजल्यावरच्या हॉलमधल्या एका छोट्या खोलीत शिरलो. वयस्कर नवरा-बायको. स्वतःच्या हातानं स्पीकर बनवतात. लाकडी पेटी, आत दोनच युनिटं, बाजूला व्हॉल्व्हचा अँप्लिफायर. समोर सहा खुर्च्या, त्यातल्या चार रिकाम्या. मी विचारलं. त्यांनी पेनड्राइव्ह घेता घेता विचारलं, काय आहे? म्हटलं, चार तारांचं वाद्य आहे, आणि कृपा करून हळू लावा, खोलीच्या दुसऱ्या टोकाला कोणी वाजवत बसलंय एवढंच. त्यांनी दार लावून घेतलं. बाईंनी हातातली पत्रकं खाली ठेवली. पहिल्या दोन आवर्तनांत त्यांनी आवाज आणखी दोनदा उतरवला, स्वतःहून. मग हात मांडीवर घेऊन बसले.

अर्ध्या मिनिटानंतर गांधार आला.

अंगावर काटा आला माझ्या. चार तारा कुठं वेगळ्या राहिल्याच नाहीत. सगळं एकाच ठिकाणाहून, एकाच भोपळ्यातून येत होतं, आणि त्याच्या वर कुणीतरी तोंड न उघडता तो ग धरून ठेवलेला. बाईंनी नवऱ्याकडे बघितलं आणि मला हळूच विचारलं, ‘गातंय कोण?’ म्हटलं, कुणीच नाही. त्या पुढे सरकून बसल्या. भोंगा वाजला तेव्हा ते गृहस्थ दाराकडे बघायला लागले, त्यांना वाटलं बाहेरच काहीतरी वाजलं.

पूर्ण चार मिनिटं दहा सेकंद वाजलं. मग त्यांनीच विचारलं, पुन्हा लावू का? दुसऱ्यांदा ऐकताना माझ्या लक्षात आलं की पंचम किंचित उतरलेला आहे. हेडफोनवर हे रेकॉर्डिंग मी शंभरदा ऐकलं असेल, तरी हे कधी जाणवलं नव्हतं. तिसऱ्यांदा लावायला सांगून खात्री करून घेतली. घरी जाताना गाडीतून आईला फोन केला. ती म्हणाली, ‘अरे हो, उतरलाच होता त्या दिवशी. मी मिळवायला घेतला तर तूच म्हणालास, असू दे, रेकॉर्डर चालू झालाय.’

त्या लाकडी पेट्यांची किंमत मोठ्या खोलीतल्या नुसत्या केबलपेक्षा कमी होती.

स्वस्त ते चांगलं आणि महाग ते वाईट, असं मला म्हणायचं नाही. मी जे कर्णे वर सांगितले त्यांची किंमत ऐकली तर छाती दडपते, आणि ते सुंदर वाजतात. माझं म्हणणं एवढंच की ऐकणाऱ्याला त्याचा स्वतःचा आवाज ऐकू द्या. निम्मा वेळ तुमची गाणी वाजवा, तुमच्या यंत्रांना तेही हवं. पण रोज दुपारी दोन तास ठरवून, नावं लिहून घेऊन, आलेल्या माणसाचं रेकॉर्डिंग पूर्ण वाजवा. मिनिटभरात विलंबित ख्यालाची स्थायीसुद्धा पूर्ण होत नाही. आलापी उलगडायला वेळ लागतो, आणि यंत्राला तो वेळ सांभाळता येतो का, हेच तर बघायचं असतं. प्रदर्शकांची अडचण मला समजते. दारात रांग असते, कुणी भलतंच खराब एमपीथ्री घेऊन येतो, बाकीचे कंटाळून उठून जातात. पण यातून वाट काढता येते. त्या नवरा-बायकोनं काढली, आणि आम्ही ऐकत होतो तेवढ्यात त्यांच्या सहाही खुर्च्या भरल्या. मागच्या भिंतीला टेकून आणखी चार जण उभे होते आणि कुणी मध्येच गेलं नाही.

आवाजाच्या पातळीबद्दलही एकदा बोललं पाहिजे. शेजारच्याचा ढोल दाबायला हा आवाज वाढवतो, मग तो आणखी वाढवतो. संध्याकाळपर्यंत कान बधिर. तंबोरा, वीणा, सारंगी, भजनाआधी कुणी एकट्यानं धरलेला सा, असं काही या खोल्यांत कधी लागतच नाही, कारण तिथं ते टिकत नाही. मग मोठा आवाज हीच चांगल्या सिस्टिमची खूण, असा समज पसरतो. पुण्या-मुंबईतले ओळखीचे लोक सिस्टिम घ्यायची म्हटली की मला विचारतात, किती वॉटची घेऊ? त्यांना माझं एकच सांगणं असतं. दुकानात जाताना घरातलं रेकॉर्डिंग घेऊन जा. आजीची ओवी, मुलीची पेटी, मित्राचा तबला, काहीही, पण ज्याचा खरा आवाज तुम्हाला माहीत आहे असंच. ते घरातल्याएवढ्याच आवाजात लावायला सांगा आणि पूर्ण होईपर्यंत उठू नका. दुकानदार नाही म्हणाला तर दुसरं दुकान बघा.

व्हिएन्नाचं प्रदर्शन ४ ते ७ जून २०२६, ऑस्ट्रिया सेंटरमध्ये. युरोपातली आपली जी मंडळी येणार असतील त्यांनी खाली लिहा, मिळून जाऊ. पाच-सहा जण एकत्र मागायला लागलो तर कदाचित जास्त दारं उघडतील. येताना आपापलं रेकॉर्डिंग आणा, एमपीथ्री नको, वेव्ह फाइल करून. मागायला रविवारी दुपारी जायचं, गर्दी ओसरलेली असते. मी दिवाळीत मिरजेला जाणार आहे, तंबोरा पुन्हा टिपून आणीन. या वेळी आईला पंचम मिळवू देईन.