आजार ज्याचा, त्याला तो सांगा

आईच्या स्तनातील गाठ कर्करोगाची असल्याचा बायोप्सीचा अहवाल हाती आला, तेव्हा आम्हा तिघा भावंडांचे लगेच एकमत झाले की तिला एवढ्यात काही सांगायचे नाही. "साधी गाठ आहे, काढली की झाले," असे म्हणत आम्ही नऊ दिवस काढले. दहाव्या दिवशी ती गॅसपाशी दुधावर लक्ष ठेवून उभी होती. मागे न वळताच तिने विचारले, "केमो कधीपासून सुरू करायची म्हणतात?" तिला सारे आधीच कळले होते, आम्ही खचू नये म्हणून ती गप्प राहिली होती. तिला आमचा आधार हवा होता त्याच दिवसांत आम्ही तिला आम्हालाच सांभाळायला लावले, याची खंत मला आजही आहे.

घरोघरी हे मायेपोटीच होते, हे मला मान्य आहे. किती जाणून घ्यायचे हे रुग्णाला विचारावे, आणि त्याला खरोखरच तपशील नको असतील तर त्याचाही मान राखावा. पण ते आपणच परस्पर ठरवू नये. आईला दर 21 दिवसांनी मिळणाऱ्या औषधांपैकी डॉक्सोरुबिसिन लालभडक असते आणि त्यानंतर एक-दोन दिवस लघवीही लालसर होते. ज्याला हे सांगितलेले नाही, तो रक्त समजून हादरतो. केमोनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसांदरम्यान रक्तातल्या, संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी फार कमी होतात, आणि तेव्हा 100.4 अंश फॅरनहाइट ताप आला तरी, मध्यरात्र असली तरी, रुग्णालय गाठावे लागते. अंगातली कणकण आधी रुग्णालाच जाणवते. तिचे गांभीर्य ठाऊक नसलेली आई "कशाला मुलांची झोपमोड" म्हणत पडून राहील.

सारे उघड झाल्यावर आईने कालनिर्णयच्या ज्या चौकटींत ती दुधाचा हिशेब लिहीत असे, त्यांतच रोजचा ताप लिहायला सुरुवात केली. गव्हांकुराच्या रसाचे सल्ले आणि कुणाच्या मावसबहिणीचे काय झाले याच्या कहाण्या दारातच थांबवण्याचे काम तिने मला दिले. (त्यात काही नातेवाईक दुखावले, पुन्हा वेळ आली तर मी तसेच करीन.) शेजारच्या काकू मात्र काहीही न विचारता, तिचे तोंड आलेले असताना, मऊ भात आणि फिके वरण आणून ठेवत.

केस गळू लागले तेव्हा तिने गॅलरीत वर्तमानपत्र अंथरले आणि कात्री माझ्या हातात दिली.

"घाबरलीस का गं?" तिने पाठमोरीच विचारले.

"हो."

"मी पण," ती म्हणाली, आणि मान जरा खाली घेऊन मला कापायला सोपे करून दिले.