"नाव टाका, अटक बघा, माणूस ओळखा": हा सल्ला पुढे पाठवू नका

अमेरिकेतली स्थळं पाहणारे आईवडील, घरातली एखादी खोली भाड्याने देणारे, रूममेट शोधणारे विद्यार्थी, या सगळ्यांच्या व्हॉट्सॲप गटांत एक सल्ला वर्षानुवर्षं फिरतो आहे. शब्द थोडे बदलतात, मजकूर हाच: "अमेरिकेत अटकेची प्रत्येक नोंद सरकारी साइटवर खुली असते. नाव टाका, फोटोसकट सगळं दिसतं. काही नाही दिसलं तर माणूस स्वच्छ. दिसलं तर नाद सोडा. थोडे डॉलर भरलेत तर पन्नासही राज्यांची माहिती एका जागी मिळते. आणि केसमधून सुटला असेल तर नोंद आपोआप निघून जाते, म्हणजे जे दिसतं ते पक्कं."

अमेरिकेत नव्याने येणाऱ्या मराठी कुटुंबांना कागदपत्रांत मी मदत करते. या सल्ल्यापायी मोडलेली लग्नाची बोलणी जवळून पाहिली आहेत. मुलाला पकडून कुठे नेलंय हेच न कळल्याने भलत्याच साइटवर पैसे भरत बसलेले आईवडीलही पाहिले आहेत. म्हणून या निरोपातलं एकेक वाक्य घेऊन बोलते.

आधी ती "सरकारी साइट". कुठल्या सरकारची? भारतात ई-कोर्ट्सवर पुण्याची केस असो वा नागपूरची, एकाच ठिकाणी शोधता येते. त्या सवयीने वाटतं की अमेरिकेतही असं काहीतरी असणार. नाही. इथे तीन हजारांहून अधिक काउंटी, म्हणजे आपल्या जिल्ह्यांसारखे भाग, आहेत आणि बहुतेक ठिकाणी जेल चालवतो तो त्या काउंटीचा निवडून आलेला पोलीसप्रमुख, म्हणजे शेरीफ. पकडलेल्या माणसाला जेलमध्ये आणलं की बोटांचे ठसे, फोटो, अंगावरच्या वस्तूंची यादी, पोलिसांनी लावलेली कलमं हे सगळं नोंदवून घेतात. यालाच बुकिंग म्हणतात. त्यातलं किती दाखवायचं आणि किती दिवस, हे राज्याच्या कायद्यावर आणि त्या शेरीफच्या कार्यालयावर अवलंबून. फ्लोरिडातले अनेक शेरीफ रोजची बुकिंग फोटोसकट साइटवर टाकतात. न्यूयॉर्कने २०१९ साली कायदा बदलून असे फोटो सरसकट देणं थांबवलं. युटामध्ये २०२१ पासून दोष सिद्ध होईपर्यंत फोटो सहसा देत नाहीत. कॅलिफोर्नियात अहिंसक गुन्ह्यातल्या संशयिताचा फोटो पोलिसांनी समाजमाध्यमांवर टाकायला २०२२ पासून, काही अपवाद वगळता, बंदी आहे. पण अटकेची वेळ, ठिकाण, कलमं आणि जामिनाची रक्कम मात्र मागणाऱ्याला द्यावी लागते. कनेक्टिकट, ऱ्होड आयलंड, डेलावेअर, व्हरमाँट, हवाई आणि अलास्का या राज्यांत तर कोठड्या काउंटीकडे नाहीतच, मुख्यतः राज्यच चालवतं.

काउंटी कोणती, हाही सोपा प्रश्न नाही. टेक्सासमधलं फ्रिस्को घ्या, जिथे आपली पुष्कळ माणसं राहतात. शहराचा काही भाग कॉलिन काउंटीत, काही डेंटनमध्ये. माणूस पकडला जातो तो घटना घडली तिथे, आणि नोंदही सहसा तिथलीच. घरच्या पत्त्यावरून काउंटी धरून शोधलं तर हाती काहीच लागणार नाही, आणि सल्ल्याप्रमाणे तो "स्वच्छ" ठरेल.

आता तेच दुसरं वाक्य: सापडलं नाही म्हणजे स्वच्छ. बहुतेक शेरीफांच्या साइटवर असते ती आत्ता आत असलेल्यांची यादी. जामिनावर सुटला की बऱ्याच ठिकाणी नाव यादीतून गळतं. किरकोळ गुन्ह्यात हातात फक्त कोर्टाच्या तारखेचा कागद देऊन जागेवरच सोडून देतात, मग बुकिंग होतच नाही. अल्पवयीन मुलं या यादीत नसतात. शिक्षा होऊन राज्याच्या तुरुंगात गेलेला माणूसही नसतो, कारण काउंटी जेल हे मुख्यतः खटल्याची वाट पाहणाऱ्यांसाठी आणि साधारण वर्षाच्या आतली शिक्षा भोगणाऱ्यांसाठी असतं.

सगळ्यात महत्त्वाची आणि सगळ्यात कमी माहीत असलेली बाब इमिग्रेशनची. आईस ही इमिग्रेशनच्या कायद्याखाली लोकांना पकडणारी केंद्राची यंत्रणा आपल्या ताब्यातली माणसं अनेकदा काउंटी जेलमध्येच ठेवते, शेरीफशी करार करून. पण अशा माणसांची माहिती जेलने परस्पर जाहीर करायची नाही, असा केंद्राचा नियम २००२ पासून आहे. म्हणजे मुलगा त्याच इमारतीत असतो आणि त्याच इमारतीच्या यादीत नसतो. ज्या घरावर ही वेळ येते त्याला "साइटवर नाव नाही, काळजी करू नका" असं सांगणारा माणूस नकळत क्रूरपणा करत असतो.

नावांचा घोळ वेगळाच. पासपोर्टवर बऱ्याच जणांचं स्वतःचं आणि वडिलांचं नाव एकत्र छापलेलं असतं. बुकिंग करणारा कर्मचारी वडिलांचं नाव कधी मधलं नाव म्हणून टाकतो, कधी आडनाव म्हणून. पासपोर्टवर एकच शब्द असेल तर व्हिसावर पहिल्या नावाच्या जागी एफएनयू (म्हणजे "पहिलं नाव माहीत नाही") येतं, आणि तेच पुढे सगळीकडे चिकटतं. म्हणून शोधताना आडनावाची पहिली तीन-चार अक्षरंच टाकावीत, आणि वडिलांच्या नावानेही पाहावं.

तिसरं वाक्य मला सगळ्यात जास्त सलतं: "दिसलं तर नाद सोडा." बुकिंगच्या नोंदीत जी कलमं दिसतात ती अटक करणाऱ्या अधिकाऱ्याने लिहिलेली असतात. त्या घटकेला कुठल्या न्यायाधीशाने काही तपासलेलं असेलच असं नाही. वॉरंटशिवाय पकडलेल्या माणसाच्या अटकेला पुरेसं कारण होतं का, हे न्यायाधीशाने साधारण ४८ तासांत पाहावं, असं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली सांगितलं. नोंद साइटवर येते ती पुष्कळदा त्याआधी. पुढे सरकारी वकील ठरवतो की खटला भरायचा की नाही. तो कलम हलकं करू शकतो, बदलू शकतो, सगळं सोडून देऊ शकतो. हे सगळं उमटतं ते कोर्टाच्या नोंदीत. जेलच्या यादीला त्याच्याशी देणंघेणं नसतं. गंभीर कलम तिथे तसंच राहतं, किंवा नावासकट नाहीसं होतं.

ॲरिझोनातल्या मॅरिकोपा काउंटीत हेच घडलं. २०२२ साली पकडलेल्या एका माणसाचा फोटो शेरीफच्या साइटवर काही दिवस होता. आरोप मागे घेतले गेले, सरकारी साइटवरून फोटोही गेला, पण तोवर खाजगी साइटींनी तो उचलला होता. २०२४ साली नवव्या सर्किटच्या, म्हणजे पश्चिमेकडच्या राज्यांसाठीच्या केंद्रीय, अपील न्यायालयाने म्हटलं की दोष सिद्ध होण्याआधी असे फोटो जाहीर करणं ही शिक्षाच आहे, आणि तसा दावा त्या माणसाला लढता येईल. आपण मात्र त्याच फोटोवरून सोयरीक मोडतो.

आणि तो माणूस तोच आहे हे तरी कशावरून? जोशी, पाटील, कुलकर्णी, शाह या आडनावांची किती माणसं एकेका महानगरात असतील! नुसत्या नावावरून नोंद जुळवणं कायद्याच्या कसोटीला उतरत नाही, असं ग्राहकांच्या आर्थिक हक्कांसाठीच्या केंद्रीय ब्युरोने २०२१ साली पार्श्वभूमी तपासणाऱ्या कंपन्यांना बजावलं होतं (ते मार्गदर्शन २०२५ साली मागे घेतलं गेलं). जे कंपन्यांनी करू नये असं सांगावं लागलं ते आपल्या वधूवर मंडळांना का चालावं?

पैसे भरून मिळणाऱ्या "सगळ्या राज्यांच्या" अहवालाबद्दल फार बोलायची गरज नाही. २०२३ साली ट्रुथफाइंडर आणि इन्स्टंट चेकमेट या दोन साइटींना फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकांची फसवणूक रोखणाऱ्या केंद्राच्या यंत्रणेच्या कारवाईत ५८ लाख डॉलर भरावे लागले. समोरच्या माणसाची अटकेची किंवा गुन्ह्याची नोंद आहे असं सूचित करून त्या गिऱ्हाईक ओढत होत्या, आणि कित्येकदा आत निघायचं ते वाहतुकीचं साधं चलन. अशा साइटी स्वतःच बारीक अक्षरांत लिहितात की ही माहिती नोकरी किंवा भाडेकरू निवडायला वापरू नका. त्यासाठी १९७० चा फेअर क्रेडिट रिपोर्टिंग ॲक्ट आहे, आणि त्याच्या अटी पाळणाऱ्या एजन्सीचाच अहवाल घ्यावा लागतो. त्यावरून भाडेकरू नाकारलात तर तसं त्याला कळवावं लागतं, म्हणजे चूक असेल तर त्याला दाखवता येते. खोली भाड्याने देणाऱ्यांनी हे नीट वाचावं. फोटो छापायचा आणि तो काढायला पैसे मागायचे, हा धंदाही याच बाजारातला. २०१८ साली कॅलिफोर्नियाच्या ॲटर्नी जनरलने अशाच एका साइटच्या कथित मालकांवर खंडणीचे आरोप ठेवले.

"सुटला की नोंद आपोआप जाते", हे शेवटचं वाक्य. पेनसिल्व्हेनियाने २०१८ साली कायदा करून काही नोंदी आपोआप सीलबंद, म्हणजे लोकांना दिसणार नाहीत अशा, करायला सुरुवात केली, नंतर मिशिगनसारखी राज्यंही त्या वाटेने गेली. पण बऱ्याच ठिकाणी आजही अर्ज करावा लागतो, आणि खाजगी साइटींवरच्या प्रतींना सील लागत नाही. आपल्या लोकांसाठी याहून मोठा धोका आहे. नोंद पुसली गेली म्हणून इमिग्रेशनच्या अर्जात "अटक कधीच नाही" असं लिहायचं नसतं. नागरिकत्वाचा एन-४०० अर्ज अटक कधीही झाली होती का, असं विचारतो, आणि सील झालेली, पुसलेली अटकही त्यात सांगावी लागते. दारू पिऊन गाडी चालवल्याबद्दलची नुसती अटकही व्हिसा रद्द व्हायला पुरते. केस निकालात निघाली की कोर्टाच्या क्लार्ककडून निकालाची प्रमाणित प्रत घ्या आणि पासपोर्टइतकी जपून ठेवा. लग्नाच्या बोलण्यांत शंका आलीच, तर त्या माणसाला सरळ विचारा आणि हीच प्रत मागा.

मग या नोंदी खुल्या ठेवतात तरी कशाला? मुख्यतः यासाठी, की पोलिसांनी कुणाला गुपचूप उचलून कोंडून ठेवू नये. आत कोण आहे, कशासाठी आहे, किती जामिनावर सुटेल, हे घरच्यांना आणि वकिलाला कळावं. दुसरं कारण पीडितांचं. १९९३ च्या डिसेंबरात केंटकीतल्या लुइव्हिलमध्ये एका तरुणीला तिच्या आधीच्या मित्राने मारलं. तो जेलमधून सुटल्याचं तिला कुणी कळवलंच नव्हतं. त्यानंतर १९९४ साली तिथे व्हाइन नावाची सेवा सुरू झाली. आज ती बहुतेक राज्यांत आहे. कैद्याचं नाव नोंदवून ठेवलं की तो सुटताना फोन किंवा संदेश येतो. घरगुती हिंसाचारातून बाहेर पडलेल्या आपल्या मुलींना ही सेवा माहीत असायलाच हवी.

उद्या खरंच कुणाला पकडलं तर आधी घटना कुठे घडली ते विचारा, त्यावरून काउंटी काढा, शेरीफच्या साइटवर पाहा आणि जेलला फोन करा. बुकिंग पुरं व्हायला कित्येक तास लागू शकतात, त्यामुळे लगेच नाव नाही दिसलं तर हताश होऊ नका. आईसचा संशय असेल तर त्यांच्या वेगळ्या लोकेटरवर (माणूस शोधायच्या साइटवर) ए-नंबर, म्हणजे इमिग्रेशन खात्याने त्या माणसाला दिलेला क्रमांक, आणि जन्माचा देश टाका, किंवा पूर्ण नाव आणि देश. केंद्राच्या तुरुंगातल्यांसाठी ब्युरो ऑफ प्रिझन्सची वेगळी यादी आहे. भारतीय दूतावासाला कळवा म्हणण्याचा हक्क १९६३ च्या व्हिएन्ना कराराने दिलेला आहे. पण भारतीय नागरिकाच्या बाबतीत ते आपोआप घडत नाही, पकडलेल्याने तोंडाने मागावं लागतं. फोन आला की हे त्याला आधी सांगा, आणि घटनेबद्दल अवाक्षर काढू देऊ नका, कारण जेलमधले फोन रेकॉर्ड होतात.

आणि कुणी परक्याने फोन करून मुलाचं नाव, कलम, बुकिंग क्रमांक सगळं बरोबर सांगितलं, जामिनासाठी गिफ्ट कार्ड मागितलं, तर फोन ठेवून द्या. ते सगळं त्याने त्याच खुल्या यादीतून वाचलेलं असतं.