लांडगा आला रे आला, चहा टाका!

बायकोची भिशी असेल त्या दिवशी नवऱ्यानं चपला घालून गुपचूप निघून जावं हा आमच्या इंदूरच्या लोकमान्य नगरातला जुना रिवाज आहे, आणि संसार टिकवायला इतका कामाचा रिवाज दुसरा नाही असं माझं स्पष्ट मत आहे. मी पण जायचो. छप्पन दुकानला एक चक्कर, दोन ओळखीचे भेटले तर तिथूनच राजवाड्यापर्यंत पाय मोकळे, घरी यावं तोवर बायका पांगलेल्या आणि डब्यात कचोऱ्या उरलेल्या. पण ते सुख आता गेलं, कारण हल्ली भिशीची चिठ्ठी निघाली की पुस्तकावर चर्चा असते आणि चर्चेला "पुरुषाचं मत" लागतं, आणि बाकीचे सगळे पुरुष हुशार असल्यामुळे फुकटात सापडणारा पुरुष मी एकटाच.

आणि पुस्तकं कसली? तर वेअरवुल्फची. म्हणजे दिवसा माणूस, रात्री लांडगा आणि मधल्या वेळात प्रेमात.

हे सगळं आमच्या पुतणीचं काम. ती झूलॉजीत एमेस्सी करून राहिलीये, सुट्टीच्या दिवशी आमच्याकडे जेवायला येते. एकदा तिनं काकूच्या, म्हणजे माझ्या बायकोच्या, टॅबमध्ये एक कादंबरी टाकून दिली, म्हणाली सोपं इंग्लिश आहे, वाच. काकू वाचत बसली, रात्री उशिरापर्यंत दिवा चालू, सकाळी पोह्यांत मीठ दोनदा, मग ते पुस्तक समोरच्या काकूंकडे गेलं, तिथून बँकेतल्या वहिनींकडे, आणि बघता बघता ज्या बायका इतकी वर्षं दुधी कितीला दिला यावर बोलायच्या त्या "बीटा दगाबाज निघणार हे मला तिसऱ्या चॅप्टरलाच कळलं होतं" असं बोलायला लागल्या. (बीटा म्हणजे लांडग्यांच्या टोळीतला दोन नंबरचा.)

ज्यांच्या घरी ही साथ अजून आली नाहीये त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. शहर अमेरिकेतलं. नायिका स्वतःच "मी, मी" करत गोष्ट सांगते, तोंडाची फटकळ, काम रात्रीचं, घरभाडं थकलेलं. शहरात लांडगे, व्हॅम्पायर, चेटकिणी असे सगळे गुण्यागोविंदानं नाही पण राहतात, आणि बाकी गावाला पत्ताच नाही. मग एक खून पडतो. पोलिसांच्या डोक्यात काही शिरत नाही, हिच्या शिरतं. तपासात हिला एक लांडगा भेटतो, साडेसहा फूट, खांदे दरवाज्यात मावत नाहीत, आणि तो बोलत नाही, गुरगुरतो. रागावला की गुरगुरतो, लाड आले की गुरगुरतो, कॉफी घेणार का विचारलं तरी गुरगुरतो. बरं याचं एक पुस्तक असून भागत नाही, दहा-दहा बारा-बारा भाग, आणि प्रत्येक कव्हरवर तीच पाठमोरी बाई, लेदरची पँट, खांद्यावर टॅटू, मागे चंद्र. समोरच्या काकू कव्हर बघून म्हणाल्या, "हिला म्हणावं ही पँट घालून मे महिन्यात दुपारी दोनला मालवा मिलच्या चौकात उभी राहून दाखव."

आता मतं. बायकांची मतं दोन गटांत आहेत आणि तिथूनच भांडणाची सुरुवात होते. पुतणीनं समजावून सांगितलं होतं की खून पुढे आणि प्रेम मागे असेल तर ती अर्बन फँटसी, प्रेम पुढे आणि खून मागे असेल तर तो पॅरानॉर्मल रोमान्स, आणि रोमान्सवाल्यात शेवट गोड लागतोच लागतो, नाहीतर वाचक पुस्तक फेकून मारतात. बँकेतल्या वहिनी खूनवाल्या. त्यांना प्रेमाचं पान आलं की त्या बोटानं सरकवतात, म्हणतात दिवसभर लोनच्या फायली बघून माझ्यात तेवढा पेशन्स नाही. आमच्या घरात कोणता गट आहे ते मी सांगत नाही, मला इथेच जेवायचंय.

त्यात माझी पंचाईत अशी की माझं कुठलंच मत चालत नाही. गप्प बसलो तर "यांना कशातच इंटरेस्ट नाही". हीरो बरा वाटला म्हटलं तर "मग तुम्हीही गुरगुरायला लागा आता". आणि हीरो फालतू आहे म्हटलं की सगळ्या एकमेकींकडे बघून असं हसतात की त्यापेक्षा चार शब्द सुनावलेले परवडले. म्हणून मी आता फक्त टेक्निकल मुद्दे काढतो.

उदाहरणार्थ कपडे. माणसाचा लांडगा होताना कपडे टराटरा फाटतात, बरोबर? महिन्यातून एकदा धरलं तरी वर्षाला बारा जीन्स, बारा शर्ट, बूट वेगळे. पैसे कोण भरतं? काही लेखिका हे व्यवस्थित सांभाळतात, त्यांचे लांडगे गाडीच्या डिकीत जोडी ठेवतात, आधी घडी घालून मग बदलतात, तर काही लेखिकांचा हीरो पान नव्वदवर चिंध्या करतो आणि पान ब्याण्णववर नवा करकरीत शर्ट घालून उभा. माझा हा मुद्दा मात्र एकमतानं मंजूर झाला, वर समोरच्या काकूंनी उपप्रश्न काढला की त्या चिंध्या ओल्या कचऱ्यात का सुक्यात, कारण इंदूरचा स्वच्छतेत 2017 पासून नंबर येतोय आणि उद्या कोणा लांडग्यामुळे तो गेला तर आपण गाडीवाल्याला काय तोंड दाखवणार.

मग वजन. पुतणी म्हणाली की आपल्याकडचा खरा लांडगा म्हणजे वीस-पंचवीस किलोचं काटकुळं जनावर, माळरानावर राहणारं, धनगरांच्या मेंढ्यांवर डोळा ठेवून असणारं, आणि आपलं मध्य प्रदेश तर लांडग्यांच्या संख्येत देशात सगळ्यात पुढे. आता नव्वद किलोचा हीरो असा इंदुरी लांडगा झाला तर वरचे पासष्ट किलो गेले कुठे? कोणी उत्तर देईना. बँकेतल्या वहिनी हिशोबात मुरलेल्या, त्या म्हणाल्या सस्पेन्स अकाउंटला टाका.

पौर्णिमेवर तर एक अख्खी भिशी गेली. काही पुस्तकांत लांडगा मनात येईल तेव्हा बदलतो, काहींत फक्त पौर्णिमेला, आणि आमच्या हिचं म्हणणं की पौर्णिमेवाला नियमच खरा, इच्छेनुसार बदलायला काय ते ड्रेस मटेरियल आहे. यावर समोरच्या काकूंनी भिंतीवरचं कालनिर्णय काढून मांडीवर घेतलं आणि मराठी माणसाला हा रोग परवडतच नाही हे महिनावार सिद्ध केलं. चैत्रात हनुमान जयंती, आषाढात गुरुपौर्णिमा, श्रावणात राखी आणि नारळीभात, मार्गशीर्षात दत्तजयंती, फाल्गुनात होळी, म्हणजे ताटात पुरणपोळी पडायची वेळ आणि याला शेपूट फुटायची वेळ एकच. कोजागिरीला गच्चीवर सगळी सोसायटी मसाला दुधाचे ग्लास धरून उभी आणि हा वर चंद्राकडे बघून कपडे फाडतोय. 2026 सारखा अधिक महिना आला तर पौर्णिमा तेरा, म्हणजे आणखी एक जीन्स. आणि ज्येष्ठात वटपौर्णिमा! या कादंबऱ्यांत मेट म्हणून एक प्रकार असतो, लांडग्याला त्याची बाई एकदा वासावरून ओळखू आली की जन्माची गाठ, सुटका नाही. मामेसासूबाई त्या दिवशी पाहुण्या म्हणून बसल्या होत्या, त्या इतका वेळ नुसत्या ऐकत होत्या, म्हणाल्या, "यात नवीन काय? आम्ही सात जन्मांचं बुकिंग सूत गुंडाळून करतो, यांनी हुंगून केलं." आणि ज्या दिवशी बायको याच्यासाठी उपाशी, त्याच रात्री हा चार पायांवर बाहेर पळालेला. काकू म्हणाल्या, तसं बघितलं तर यातही नवीन काही नाही.

चांदीचं पण आहे. चांदी लागली की लांडगा भाजतो. म्हणजे हा इसम आपल्या सराफ्यात येऊच शकत नाही. रात्री चांदीवाल्यांची शटरं पडली आणि पाट्यांखाली भुट्ट्याचा कीस, गराडू सगळं मांडलं गेलं तरी त्या ओट्यांवर दिवसभर काय उलाढाल झालेली असते ते त्याच्या नाकाला कळणारच. दिवाळीत कोणी प्रेमानं काजूकतली पुढे केली तर वर्खानंच खलास. असला जावई कोणाला नको असतो ते तुम्हीच ठरवा, पण मिठाईचा खर्च वाचतो.

पण खरा दंगा झाला तो अल्फावरून. अल्फा म्हणजे टोळीचा दादा, सगळ्यांना दाबून ठेवणारा, त्यानं नजर रोखली की बाकीचे मान खाली घालतात. आमच्या गटातल्या निम्म्या बायकांना तो आवडतो आणि निम्म्यांना वाटतं की हा माणूस घरी असला तर रिमोट कोणाच्या हातात राहील ते सांगायला नको. समोरच्या काकूंची मात्र पहिल्या पुस्तकापासून एकच तक्रार, की या एवढ्या मोठ्या टोळीत कोणाला आई कशी नाही? वीस-वीस दांडगे बाप्ये एका घरात राहतात, एकाचेही आईबाप येत नाहीत, कोणाचा मामा येत नाही, सगळे आपले आभाळातून पडल्यासारखे.

त्या दिवशी पुतणी हजर होती. ती म्हणाली, काकू तुम्ही जे बोलून राहिल्या ना ते सायन्स आहे. मग तिनं सांगितलं की 1947 मध्ये रुडॉल्फ शेंकेल नावाच्या संशोधकानं पिंजऱ्यातल्या लांडग्यांचा अभ्यास लिहिला, एकमेकांची ओळखदेख नसलेले लांडगे एका जागी कोंडलेले, ते मारामाऱ्या करणारच, त्यातून ही दादागिरीची कल्पना निघाली. 1970 मध्ये डेव्हिड मेक या अमेरिकन लांडगेवाल्यानं ती आपल्या पुस्तकातून घरोघरी पोचवली, आणि मग त्यानंच जंगलात जाऊन वर्षानुवर्षं मोकळे लांडगे बघितले आणि 1999 मध्ये लिहून टाकलं की बाबांनो, टोळी म्हणजे बहुतेक करून एक आई, एक बाप आणि त्यांची मागच्या-पुढच्या वर्षांची पोरं. अल्फा वगैरे म्हणण्यात अर्थ नाही. पोरं मोठी झाली की जोडीदार शोधायला निघून जातात.

खोलीत एकदम शांतता.

"म्हणजे अल्फा," काकू एकेक शब्द चघळत म्हणाल्या, "म्हणजे आमचे हे?"

आणि मग सगळ्यांनी वळून स्वयंपाकघराच्या दारात माझ्याकडे बघितलं. माझ्या एका हातात गाळणं होतं, दुसऱ्या हातात चिमट्यात धरलेलं पातेलं, चष्म्यावर वाफ, आणि खांद्यावर बायकोनं दिलेलं ते केशरी फडकं, ज्याला हळदीचा वास कायमचा लागलाय. लांडग्यांच्या इतिहासात अल्फाची एवढी बेअब्रू त्या डेव्हिड मेकनं पण केली नसेल. बँकेतल्या वहिनींना ठसका लागला. मी काही बोललो नाही, आलं घातलंय एवढंच सांगितलं.

एक मत मात्र मी मनापासून देतो आणि ते कोणी विचारत नाही. यातली जी पुस्तकं मला खरंच आवडली (हो, आवडली, बाथरूमचा गीझर तापेपर्यंत वाचतो मी) त्यांत लांडग्यापेक्षा शहर चांगलं असतं. नायिकेला भाड्याची चिंता आहे, गाडी सुरू होत नाही, बॉस कटकट्या आहे, फ्रीजमध्ये काही नाही, आणि या सगळ्यात वर रात्री लांडगा. तेव्हा मजा येते, कारण तिला दोन्ही निस्तरायचंय. पण चौथ्या-पाचव्या भागापासून लेखिकेला भाड्याचा विसर पडतो, बाई अल्फाच्या बंगल्यावर राहायला जाते, पैसा किती आणि कुठून ते विचारायचं नाही, मग उरतं काय तर गुरगुर आणि सोनेरी डोळे. आणि त्या बंगल्यात वीस लांडग्यांचा स्वयंपाक कोण करतं? एक लांडगा तीन माणसांचं खातो असं स्वतः लेखिकाच सांगते. साठ माणसांचा रोजचा स्वयंपाक म्हणजे लग्नाचा आचारी लागतो राव, आणि तो आचारी अख्ख्या मालिकेत एकदाही दिसत नाही. मला त्याच्यावर कादंबरी वाचायची आहे.

परवाच्या भिशीत स्टार द्यायचे होते. दहावा भाग संपला होता. आमच्या हिनं पाच म्हटलं, बँकेतल्या वहिनी तीनच्या वर जाईनात, खुनी कोण ते आधीच कळलं म्हणून, आणि काकू दोनवर ठाम, आई नाही म्हणून. भाव काही जुळेना. शेवटी पुरुषाचं मत मागितलं गेलं. मी म्हटलं साडेतीन द्या, मुहूर्त साडेतीन, शक्तिपीठं साडेतीन, पेशवाईत शहाणे पण साडेतीन, मराठी माणसाला या आकड्याची लाज नाही. पहिल्यांदाच माझं मत सगळ्यांना पटलं, बायकोनं तर माझ्याकडे कौतुकानं बघितलं, आणि तेवढ्यात पुतणी म्हणाली की काका, त्या ॲपवर अर्धा स्टार देता येत नाही.

झालं. तीन का चार यावरून परत सुरू. कचोऱ्या गार, चहावर साय. पुतणी बिचारी सगळ्यांना शांत करायला म्हणून सांगायला लागली की अहो थांबा, अकराव्या भागाची जाहिरात वाचली मी, त्यात ती राहते त्या बंगल्यात हीरोची आई येते म्हणे गावाहून, कायमची राहायला.

काकूंनी हातातली बशी खाली ठेवली.

"सासू?"

"हो."

"लांडगीण?"

"हो ना, आणि तिला ही पसंत नाहीये."

"मग चार द्या," काकू म्हणाल्या.