टेबलाच्या त्या बाजूला मीही बसलोय

'त्रस्त कर्मचारी' या नावाने लिहिणाऱ्या महोदयांस,

सरकारी कार्यालयांतल्या दिरंगाईवरचा माझा लेख तुम्हाला आवडला नाही, हरकत नाही. पण "कधी आमच्या बाजूला बसून काम केलंय का, की नुसतं बाहेरून दगड मारायचे?" ही काय बोलायची रीत झाली? आधी समोरच्याची लायकी काढायची आणि मग, सवड झाली तर, त्याचं म्हणणं वाचायचं!

तर ऐका. बसलोय. उमेदीची वर्षं एका कार्यालयाच्या आवक-जावक शाखेत घालवली आहेत. 'चर्चा करावी' हा शेरा तुम्ही पाहिला असेलच. साहेब तो फाइलवर लिहितात, फाइल खाली येते, साहेब दौऱ्यावर जातात. चर्चा काही होत नाही. पण नोंदवहीत फाइल हललेली दिसते, म्हणजे साहेबांकडे ती प्रलंबित नाही. खालच्यालाही कोणी विचारत नाही, कारण तो बिचारा चर्चेची वाट बघतोय. अर्जदार मात्र दर सोमवारी येऊन बाकावर बसतो. त्याला काय सांगायचं, हे काम माझ्याकडे असायचं.

संगणक आले तेव्हाही मी तिथेच होतो. प्रत्येक पत्राची नोंद आधी वहीत, मग पडद्यावर. वही बंद करू या म्हटल्यावर आमचे वरिष्ठ लिपिक म्हणाले, "ऑडिटला वही मागितली तर तू देणार का?" हा गृहस्थ आळशी नव्हता, शाखेत सगळ्यांत आधी तोच यायचा. पण नोंद राहिली की 'कारणे दाखवा' नोटीस येते आणि माणूस ताटकळला तर काहीच येत नाही, हे त्याने नोकरीभर पाहिलं होतं. माझा अख्खा लेख एवढंच सांगत होता, की उशिराबद्दल कोणाला जाब द्यावा लागत नाही, चुकलेल्या नोंदीबद्दल द्यावा लागतो. म्हणून आधी सह्या कमी करा, जुनी वही बंद केल्याचा लेखी आदेश वरून काढा आणि मग संगणक आणा. यात 'कर्मचारी कामचुकार' हे तुम्हाला कुठे दिसलं? तो शब्द तुमचा आहे. माझ्या लेखात शोधून दाखवा.

लेखातल्या एस्टोनियाच्या उदाहरणावरचा तुमचा आक्षेप थोडा मान्य. देश लहान आहे, लोकसंख्या जेमतेम 13 लाखांच्या आसपास. हे लेखात यायला हवं होतं. पण त्यांनी 2001 मध्ये 'एक्स-रोड' ही संगणकीय जोडणी सुरू करून सरकारी खात्यांच्या नोंदी एकमेकांना जोडल्या. एका खात्याकडे असलेली माहिती दुसऱ्याने नागरिकाकडे पुन्हा मागू नये, हे तिथलं तत्त्व. ते पाळायला देश लहानच असावा लागतो असं काही नाही.

राहिला 'पदं रिक्त आहेत म्हणून उशीर होतो' हा तुमचा मुद्दा. तो दर वेळी येतोच. नोकरशाही कशी फुगते यावर लिहिणारे ब्रिटिश लेखक पार्किन्सन यांनी 1955 मध्ये ब्रिटिश नौदलाचे आकडे मांडले होते: 1914 ते 1928 या काळात मोठी लढाऊ जहाजं 62 वरून 20 वर आली आणि मुख्यालयातले अधिकारी 2,000 वरून 3,569 झाले. माणसं वाढली की काम उरकतं, हे गृहीतच धरू नका. प्रशिक्षण, वेतन, राजकीय दबाव या तुमच्या बाकीच्या तक्रारी मी शंभरदा ऐकल्यात. त्यांत आता शिरत नाही.

'चर्चा करावी'मध्ये अडकलेल्या फाइलचा उशीर कोणाच्या नावावर लिहायचा, हे मी लेखात सरळ विचारलं होतं. तुमच्या एवढ्या लांबलचक प्रतिक्रियेत त्यावर एक ओळ नाही. तेवढी लिहा, मग पुढचं बोलू.