‘हितचिंतक’ यांना: ४.८ ही लाट नव्हे

खराब हवामानात सर्फिंगसाठी लाटा शोधण्यावरच्या माझ्या मागच्या लेखाखाली ‘हितचिंतक’ अशी सही करून एक वाचक लिहितात: “४.८ मीटरच्या लाटा उसळताना पाण्यात उतरायला सांगता? बापाच्या पैशावर फळ्या घेऊन फिरणाऱ्यांना अक्कल कधी येणार? जीवरक्षकांनी तुमच्यासाठी मरायचं का? वर त्या पाण्यात शहराचं सांडपाणी. निदान ओहोटीच्या वेळा तरी नीट लिहा.”

बापाचं आधी. माझे बाबा बेस्टमध्ये कंडक्टर होते. पहिला बोर्ड मी स्वतःच्या पगारातून घेतला, तोही सेकंडहँड, एका बाजूने ठिगळ लावलेला. तेव्हा त्यांना मध्ये आणू नका.

वेळेचं मान्य. सकाळ-संध्याकाळची गल्लत झाली होती, दुरुस्त केली.

आता ते ४.८. साहेब, ही भरतीची पातळी आहे, लाटेची उंची नाही. बातम्यांत ‘उंच लाटा’ छापून येतं आणि तुमच्यासारखे तेच घोकतात. चार-साडेचार मीटरची भरती हिवाळ्यातल्या उधाणालाही, म्हणजे अमावस्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरतीलाही येते, आणि तेव्हा जुहूची लाट गुडघ्यालाही लागत नाही. वर्सोव्याच्या कोळीवाड्याला लागून वाढलोय मी. उधाण आणि भांग (अष्टमीच्या सुमाराची लहान भरती) यांतला फरक मला शाळेआधी कळला.

आम्ही बघतो ते निराळं. लाटेची उंची, आणि एका लाटेमागून दुसरी किती सेकंदांनी येते. पाच-सहा सेकंद म्हणजे नुसता वाऱ्याने घुसळलेला काला. दहाच्या पुढे गेलं की लांबून आलेली, ओळीत चालणारी लाट. हे अंदाज हैदराबादची इन्कॉइस ही समुद्राचा अभ्यास करणारी सरकारी संस्था फुकट देते, वाचत जा. पावसाळ्यात नैर्ऋत्येचा वारा किनाऱ्यावर येतो आणि लाटेचा माथा मोडून टाकतो. म्हणून वारा पडलेली पहाट शोधायची. पाऊस धो धो असेना का, वारा नसला की पाणी तेलासारखं होतं. ‘खराब हवामानात लाटा शोधणं’ म्हणजे हे, वादळात उडी मारणं नव्हे! गेल्या जूनमध्ये आठ पहाटे राजोडीच्या किनाऱ्यावर गेलो. पाच वेळा बोर्ड गाडीच्या टपावरून उतरवलाही नाही.

जीवरक्षकांचा मुद्दा भावनिक आहे, त्यावर पुन्हा कधीतरी. सांडपाण्याचं महापालिकेला लिहा.

आणि हो, पुढच्या वेळी खऱ्या नावाने लिहा. वाटल्यास शनिवारी पहाटे साडेचारला दहिसर नाक्यावर या. वारा असला तर वडापाव खाऊन परत फिरू. पैसे माझे, बापाचे नाहीत.