पाच लक्षणं जुळली की झालं का?

आमच्या फॅमिली ग्रुपवर गेल्या आठवड्यापासून जे चाललंय ते वाचून वाचून डोकं उठलंय. धाकट्या आतेभावाचं आणि त्याच्या बायकोचं पटत नाहीये, ती बाळाला घेऊन माहेरी सिन्नरला जाऊन राहिलीय. होतं असं घराघरात. पण आमच्या एका हुशार भाच्यानं, आयटीत आहे, मामीचे व्हॉट्सॲप मेसेज कुठल्याशा चॅटबॉटला वाचायला दिले आणि त्यानं सांगितलं म्हणे की नऊपैकी सात लक्षणं जुळतात, ही बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी डिसऑर्डरची, म्हणजे भावना आणि नाती सतत टोकाला जाणाऱ्या व्यक्तिमत्त्व विकाराची केस आहे. त्यावर पटापट अंगठे. मग नानाकाकांचा व्हॉइस मेसेज, की आमच्या वेळी असले आजार नव्हते, हल्लीच्या पोरींना काही सहनच होत नाही, त्र्यंबकला नेऊन कालसर्प शांती करून घ्या आणि विषय मिटवा. तेव्हापासून ग्रुपात दोन पार्ट्या, एक डिसऑर्डरवाली, एक कालसर्पवाली, आणि दोन्ही पार्ट्यांचं एका गोष्टीवर पक्कं एकमत, की जिच्याबद्दल चाललंय तिला काही विचारायची गरज नाही. तिला ग्रुपातनं काढलं तेव्हाच.

मी एक लांबलचक मेसेज टाकला तर भाचा म्हणतो, मावशी तू तिकडे इंग्लंडात लेस्टरला बसून बोलतेस, इथली रिअ‍ॅलिटी वेगळी आहे. बरं. बसूनच बोलते मग, इथे, सविस्तर.

आधी त्या नऊ लक्षणांचं. १९८० साली अमेरिकन डॉक्टरांच्या, मानसिक आजारांचं निदान कसं करायचं ते सांगणाऱ्या डीएसएम नावाच्या जाडजूड पुस्तकात बॉर्डरलाइन पहिल्यांदा आलं. आज त्यात नऊ निकष आहेत आणि त्यातले कुठलेही पाच लागतात. हिशेब केला तर पाच किंवा जास्त निवडायचे २५६ प्रकार होतात आणि एकच निदान झालेल्या दोन माणसांमध्ये फक्त एक लक्षण सारखं असू शकतं. म्हणजे चॅटबॉटनं सात जुळवून दिले हा काही मोठा पराक्रम नाही, माझे आणि नानाकाकांचेही चार-पाच तो आरामात जुळवेल, विशेषतः राग आवरत नाही हा निकष काकांच्या बाबतीत. खरी मेख निकषांच्या आधीच्या ओळींत आहे, जी रीलवाले कधी वाचत नाहीत. हा स्वभावाचा साचा तरुण वयापासून दिसायला हवा, घरी बाहेर सगळीकडे दिसायला हवा, आणि कुठल्या दुसऱ्या आजारामुळे किंवा औषधामुळे आलेला नको. आमच्या भावजयीचं बाळ आठ महिन्यांचं आहे. लग्नाआधी ही पोरगी सिन्नरच्या शाळेत शिकवत होती, गॅदरिंग बसवायची, तेव्हा कुणाला काही दिसलं नाही. मग आठ महिन्यांत पर्सनॅलिटी कुठून डिसऑर्डर झाली?

मी डॉक्टर नाही. एका जीपी सर्जरीत, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरांच्या दवाखान्यात, रिसेप्शनला आहे, सकाळी आठला फोन सुरू झाले की माणसं काय काय सांगतात ते ऐकते आणि योग्य ठिकाणी पाठवते, एवढंच. पण एवढं मलाही कळतं की बाळंतपणानंतर बाई रडत असेल, चिडत असेल, झोपत नसेल तर पहिलं थायरॉइड बघतात, हिमोग्लोबिन बघतात, आणि बाळंतपणातलं डिप्रेशन आहे का ते विचारतात. बायपोलारही लोक असंच उठसूट वापरतात, सकाळी हसली संध्याकाळी रडली की बायपोलार. अरे बाबांनो, बायपोलारमधला मॅनियाचा, म्हणजे अति उत्साहाचा, काळ निदान आठवडाभर टिकावा लागतो, डिप्रेशनचा दोन आठवडे, एका दिवसात चार वेळा मूड बदलणं म्हणजे ते नाही.

माझ्या मुलीच्या वेळी हेल्थ व्हिजिटर, म्हणजे बाळ-बाळंतिणीला बघायला येणारी नर्स, घरी आली, रेड बुकात, म्हणजे बाळाच्या तब्येतीच्या वहीत, वजन लिहिलं, आणि मग माझ्या हातात एक फॉर्म दिला, दहा प्रश्नांचा. १९८७ मध्ये एडिंबराला तयार केलेला आहे तो. गेल्या सात दिवसांत हसू आलं का, उगाच स्वतःला दोष दिला का, आणि शेवटचा दहावा प्रश्न, स्वतःला इजा करून घ्यावी असा विचार आला का. पाच मिनिटांचं काम. आमच्या भावजयीला डिंकाचे लाडू मिळाले, शेक मिळाला, मालिशवाली मिळाली, बारशाला हॉल मिळाला गंगापूर रोडला. हे दहा प्रश्न कुणी विचारले का? आणि गंमत म्हणजे राज्याचं आरोग्य विद्यापीठ कुठंय, तर नाशकात, म्हसरूळला! गावाबाहेर आरोग्य विद्यापीठ आणि गावात निदान करतोय भाचा.

आता हे सगळं नुसतं वाद घालण्यापुरतं असतं तरी मी गप्प बसले असते. पण परवा कुणीतरी लिहिलं, हे स्क्रीनशॉट जपून ठेवा, वकिलाला दाखवायला उपयोगी पडतील. तेव्हा माझं टाळकं सटकलं. हिंदू विवाह कायद्यात १३व्या कलमात मानसिक आजार हे घटस्फोटाचं कारण आहे, खरंय. पण तिथे आजार कुठल्या प्रकारचा आणि किती प्रमाणात हे बघावं लागतं, आणि १९८८ मध्येच सुप्रीम कोर्टानं राम नारायण गुप्ता विरुद्ध रामेश्वरी गुप्ता या केसमध्ये सांगून ठेवलंय की नुसता स्किझोफ्रेनियाचा शिक्का मारला म्हणून घटस्फोट मिळत नाही. स्किझोफ्रेनियाचा! आणि तुम्ही चॅटबॉटचा कागद घेऊन निघालात. शिवाय २०१७चा मेंटल हेल्थकेअर अ‍ॅक्ट आहे, त्यात स्पष्ट लिहिलंय की मानसिक आजार आहे की नाही हे मान्यताप्राप्त वैद्यकीय निकषांवरच ठरवायचं, आणि निदान झालं म्हणून कोर्टानं म्हणेपर्यंत कुणाला वेडं धरायचं नाही. इतका चांगला कायदा इथेही नाही असं मला कधीकधी वाटतं, इथे अजून १९८३चाच घेऊन बसलेत, ठिगळं लावत. कायदा आपला आहे आणि तो मी लेस्टरहून सांगतेय, हे एक.

नानाकाकांचं "आमच्या वेळी नव्हतं" हे तर मी ऐकूनच घेणार नाही, कारण त्यांच्याच वेळी, त्यांच्याच डोळ्यांसमोर होतं. आमचे बाबा नाशिकरोडला प्रेसमध्ये होते, नोटांच्या, आणि शेजारी एक काकू होत्या, त्यांचं सोवळं सगळ्या कॉलनीत प्रसिद्ध. सुरुवातीला लोकांना कौतुक, किती शुचिर्भूत बाई. मग दुधाची पिशवी नळाखाली धरून धुवायच्या, मग भाजीवाल्यानं परत दिलेली चिल्लर धुवायच्या, मग नोटा. प्रेसवाल्यांच्या कॉलनीत नोटा दोरीवर वाळत घातलेल्या, आम्हा पोरांना हसू आवरायचं नाही. दूधवाला दारात पाणी शिंपडून पिशवी ठेवायचा, त्यांचे यजमान मास्तर काका ऑफिसातनं आले की मागच्या दारानं आधी मोरीत जायचे, दिवाळीचा फराळ आम्ही त्यांच्या ओट्यावर ठेवून लांब उभं राहायचो आणि त्या आतून हात जोडायच्या. कुणी त्यांना नावं ठेवली नाहीत, कुणी वाळीत टाकलं नाही, सगळी कॉलनी त्यांच्या हिशेबानं वागायला शिकली. इथे असं होणार नाही, खात्रीनं सांगते, इथे चार दिवसांत काउन्सिलकडे पाण्याच्या आवाजाची तक्रार गेली असती.

पण त्यांच्या हातांची सालं निघालेली असायची. बोटांच्या बेचक्यात रक्त. हिवाळ्यात तर बघवायचं नाही, आणि नाशकातला हिवाळा म्हणजे काय ते माहितीये. ओसीडीवर, म्हणजे तेच तेच विचार आणि तीच तीच कृती करायला लावणाऱ्या ह्या आजारावर, गोळ्या तेव्हाही होत्या, क्लोमिप्रामिन तर बरंच जुनं औषध आहे, आणि हात न धुता थांबायचा टप्प्याटप्प्यानं सराव करून घेणारी उपचारपद्धत १९६०च्या दशकातली. काकूंना कुणी डॉक्टरकडे नेलं नाही कारण ते सोवळं होतं आणि सोवळ्यावर औषध कसलं घेणार. काका, तुम्ही पण जायचात की हो त्यांच्याकडे सत्यनारायणाला.

आता मला माहितीये ग्रुपवर कोण काय म्हणणार, की तुमच्याकडे तरी सगळं गोडच आहे का. नाहीये. १९८८ मध्ये इथल्याच दोन मानसोपचारतज्ज्ञांनी, लुईस आणि अ‍ॅपलबी, डॉक्टरांना एकाच पेशंटची माहिती वाचायला दिली होती, काहींना त्यात आधी पर्सनॅलिटी डिसऑर्डरचं निदान झालंय अशी ओळ घालून. ती ओळ वाचलेल्यांना तोच पेशंट त्रासदायक वाटला, नाटकी वाटला, मदतीला कमी लायक वाटला. २००३ मध्ये सरकारला कागद काढावा लागला की हे निदान म्हणजे पेशंटला दारातून परत पाठवायचं कारण नव्हे. आजही बायका फोनवर मला सांगतात की फाइलवर ते लिहिलंय म्हणून माझं कुणी खरं मानत नाही, आणि थेरपीची वेटिंग लिस्ट तर विचारूच नका. पण इथल्या लोकांनी स्वतःच्या डॉक्टरांची परीक्षा घेतली आणि ती छापली, हा फरक मी धरून ठेवणार. जागतिक आरोग्य संघटनेनं तर २०२२पासून लागू झालेल्या यादीत व्यक्तिमत्त्व विकाराची बरीचशी जुनी नावंच काढून टाकली, आता त्रास सौम्य, मध्यम की तीव्र एवढं आधी बघायचं, बॉर्डरलाइन फक्त एक जोडशेरा म्हणून राहिलंय. आणि ज्यांना ते खरोखर असतं त्यांच्यासाठी मार्शा लिनेहान या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी बसवलेली डीबीटी नावाची थेरपी आहे, २०११मध्ये त्यांनी जाहीर सांगितलं की तरुणपणी त्या स्वतःच मानसिक त्रासासाठी हॉस्पिटलात होत्या. म्हणजे ज्याला भाचा शिवीसारखं वापरतोय तो एक उपचार होऊ शकणारा त्रास आहे, माणसं त्यातनं बाहेर येतात.

एक गोष्ट मात्र त्या डीएसएममधली मला टोचते. व्यक्तिमत्त्व विकाराची व्याख्याच अशी आहे, की त्या माणसाच्या संस्कृतीत जे अपेक्षित असतं त्यापासून फार वेगळं वागणं. त्या माणसाच्या संस्कृतीत. माझी कुठली?

एका हिवाळ्यात माझं बरंच बिनसलं होतं, चार वाजता अंधार, अंगात त्राण नाही, आणि मी सेल्फ रेफरल केलं, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय स्वतःच थेरपीसाठी नाव दिलं. फोनवर फॉर्म भरून झाले, मग समोरासमोर एक गोड मुलगी भेटली, माझ्या मुलीएवढी असेल. तिनं विचारलं आईशी किती वेळा बोलता, मी म्हणलं दिवसातनं दोनदा-तीनदा, फ्रिज घेतला तरी आईला आणि मोठ्या वहिनीला विचारून घेते. तिचं पेन थांबलं. हे तुम्हाला बदलावंसं वाटतं का, म्हणाली, बाउंड्रीज वगैरे. मला इतका राग आला, म्हणलं ह्यात बदलायचं काय, आमच्याकडे फ्रिज पाच जणांना विचारूनच घेतात, न विचारता घेतला तर तो आजार. आणि मग गेल्या खेपेला नाशकात दुपारी खोलीचं दार लावून झोपले, आत्याला म्हणलं येण्याआधी फोन करत जा, तर आई रात्री हळूच म्हणाली, पाहुण्यासारखी वागतेस गं. म्हणजे इथल्या तज्ज्ञानं तपासलं तर मी जरा चिकट, आणि नाशकातल्या कॉलेज रोडच्या तज्ज्ञानं तपासलं तर अलिप्त. सर्जरीत कुणी एशियन पेशंट अडला की मला बोलावतात, ह्यांच्यात असं चालतं का सांग, आणि नाशकात मी लंडनवाली. लंडनला मी राहतही नाही. भाचा "तिकडे बसून" म्हणाला ते म्हणून जिव्हारी लागलं असेल, दुसऱ्या कुणाला लागलं नसतं.

आणि हो, त्या हिवाळ्यात आईनं माझ्या नावानं त्र्यंबकला शांती करून घेतली होती, मला न सांगता. पुढे कळलं तेव्हा फार भांडले मी. पण पहाटेच्या गाडीनं गेली, गुडघे धरून कुशावर्ताच्या पायऱ्या उतरली, दिवसभर उपाशी. त्यावर मला काय वाटतं हे मी ग्रुपवर लिहिणार नाही, काकांना आयतं कोलीत नको.

काल शेवटी भावजयीलाच फोन केला. झोप रात्री तीनेक तास लागते म्हणाली, केस गळतायत, थायरॉइड बाळंतपणानंतर तपासलेलंच नाही. नाशकातल्या डॉक्टरकडे नको म्हणते, वेटिंग रूममध्ये ओळखीचं कुणी भेटेल, मी म्हणलं मग आधी १४४१६ला फोन लाव, मानसिक त्रासासाठीची हेल्पलाइन आहे, सरकारी आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात, आणि रक्त तर सिन्नरलाच देता येईल. ती जरा वेळ काहीच बोलली नाही. मग म्हणाली, ताई, हे तुम्ही त्यांच्या वतीनं विचारताय का? नाही म्हणलं. तिला पटलं असेल असं काही वाटलं नाही मला, पण सोमवारी लॅबमध्ये जाते म्हणाली आणि उपाशीपोटी जायचं का ते विचारलं.